उतारावरची पांढरी व्हॅन

१

लाँड्रीवाल्यांना त्यांच्याच व्हॅननं मारलं, आणि त्या वेळी व्हॅनमध्ये कुणीही नव्हतं.

टेकडीवरच्या लोकांना एवढंच ठाऊक होतं आणि एवढ्यावर त्यांचं मस्त चाललं होतं. दुपारची वेळ होती. धुकं असं दाट, की समोरच्या घराची खिडकी कुठली आणि भिंत कुठली ते कळू नये. लाँड्रीवाले झोपून उठले, उतरत्या अंगणाच्या तळाशी असलेल्या लाँड्रीचं शटर उचलायला वाकले, आणि अंगणाच्या वरच्या टोकाला उभी असलेली पांढरी व्हॅन त्यांच्या पाठीमागून खाली आली. इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. व्हॅनचा आवाज कुणीच ऐकला नाही. शटरचा मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकला.

ही हकिगत क्लचबाईंना चार जणांनी चार तऱ्हांनी सांगून झाली होती. क्लचबाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई. टेकडीवरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवलेली. "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं उभा जन्म ओरडून त्यांचा घसा बसला होता तो बसलाच, आणि खरं नाव लोक विसरले ते विसरलेच. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. जिवंत माणसं रस्त्यावर जे करतात ते बघून मेलेल्यांना भ्यायचं काय कारण, असं त्या म्हणायच्या.

त्या सकाळी लाँड्रीवाल्यांची मुलगी त्यांच्या दारात आली. घरात तिला सगळे बबडी म्हणायचे, वय पंचविशीचं असलं तरी. आली ती बसलीसुद्धा नाही. पर्समधून लायसन काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"हे घ्या बाई. तुमच्यामुळे मिळालं होतं. मला नको आता."

"मी काय दुकान उघडलंय परत घ्यायला?" बाई सवयीनं म्हणून गेल्या आणि मग पोरीचं तोंड बघून त्यांची त्यांनाच लाज वाटली. "बस. बस आधी. काय झालं ते सांग, लोकांचं नको, तुझं सांग."

"सकाळी हॉटेलांच्या चादरी पोचवल्या. परत आले, गाडी लावली. हँडब्रेक ओढला, चाकाला ठोकळा लावला. रोजच्यासारखं. जेवले, आतल्या खोलीत पाठ टेकली. जाग आली ती शटरच्या आवाजानं."

"गियरमध्ये का नव्हती गाडी? काय शिकवलं होतं मी? उतारावर गाडी लावली की?"

"गियर टाकायचा, चाकं भिंतीकडे वळवायची. येतं मला, बाई. पण आमच्याकडे बाबांचा नियम होता. गारठ्यात इंजिन तापवायला ते खिडकीतून हात घालून बाहेरूनच किल्ली फिरवायचे. एकदा काकांनी गाडी गियरमध्ये ठेवली होती. बाबांनी किल्ली फिरवली, गाडीनं उडी मारली आणि साबणाचं पिंप फुटलं. तेव्हापासून गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक, आणि लाकडाचा ठोकळा. निघताना पायानं उडवायचा, आल्यावर पायानंच सरकवायचा."

"आणि ठोकळा सापडला कुठे?"

"भिंतीवर. खिळ्याला टांगलेला. म्हणजे मी लावलाच नव्हता, असं काका म्हणतात. पोलीस म्हणतात." पोरीचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच बाईंना बरं वाटेना. "ब्रेक वर होता का खाली, तेही कळायला मार्ग नाही. बाबांना सोडवायला लोकांनी गाडी ढकलली तेव्हा कुणीतरी तो खाली केला. मला आठवतंय की मी दोन्ही केलं. पण रोजचंच काम हो ते. आठवतंय ते त्या दिवसाचं की आदल्या दिवसाचं, कोण सांगणार? बसल्या जागी हात असा ओढून बघते, पाय असा सरकवून बघते. आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण बघत नाही माझ्याकडे. बाई, खरं सांगा. मी मारलं का बाबांना?"

बाईंनी टेबलावरचं लायसन आपल्याकडे ओढलं.

"सोमवारी जबाब आहे. मी कबूल करून टाकणार. निदान संपेल तरी."

"सोमवारपर्यंत तोंड उघडलंस तर याद राख," बाई म्हणाल्या आणि लायसन तिच्या पर्समध्ये कोंबून उठल्या. "चल. मला ती गाडी बघू दे."

२

त्या पोचल्या तेव्हा व्हॅन नुकतीच घरी परतत होती. हवालदार ती तपासणीसाठी टेकडीच्या माथ्यावरच्या चौकीवर घेऊन गेला होता. धुक्यातून आधी दोन पिवळे दिवे आले, मग फाटक, मग तिचं ते पसरट पांढरं तोंड. हवालदारानं ती वरच्या टोकाला, नेहमीच्या जागी लावली. हँडब्रेक ओढल्याची करकर बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकली.

"ठोकळा लाव रे," बाई म्हणाल्या.

"तो पुरावा आहे, चौकीवर जमा," हवालदार म्हणाला. हा त्यांच्याकडे शिकलेला नव्हता. गाडी वळवतानाच ते कळलं होतं.

व्हरांड्यात आई उभी होती, लहानखुरी, पदर घट्ट आवळून. बाई पायरीशी चपला काढून आत गेल्या, पोरीला पाणी पाजून बाहेर आल्या, तर चपला भिंतीला समांतर जोडीनं लावून ठेवलेल्या. शेजारी हवालदाराचे बूटही तसेच. काका खुर्चीत बसून एकटेच बोलत होते. लाँड्रीवाल्यांचे हे धाकटे भाऊ टॅक्सी चालवायचे, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं मत तयार असायचं.

"भंगारात घाला ती गाडी. दादाला तेव्हाच सांगितलं होतं, स्वस्त मिळते म्हणून घेऊ नकोस. गाडी विकणारा का विकतोय ते आधी विचारायचं असतं. पण ऐकेल तो दादा कसला!"

"भावजी," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि काका गप्प झाले.

हवालदारानं कागदावर सह्या घेतल्या. चहा आला. धुकं अंगणात उतरलं होतं, लाँड्रीची मशिनं बंद होती, आणि मयत झालेल्या घरात असते तशी शांतता होती. कुठेतरी नळ ठिबकत असावा असा एक बारीक आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि व्हॅन निघाली.

निघाली म्हणजे सुटली नाही, धावली नाही. एखादं माणूस विचार करून उठतं तशी, सावकाश निघाली. चाकाखालचा खडा कुरकुरला म्हणून बाईंनी वर बघितलं, तर ते पांढरं तोंड त्यांच्याकडेच येत होतं आणि काचेमागे कुणी नव्हतं.

बबडीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका शिवी हासडून उठले आणि उजवा पाय जमिनीवर आपटून तिथंच थांबले. हवालदार मागच्या मागे खोलीत पळाला. आई हललीच नाही. फक्त तिचा पाय पायरीत रुतल्यासारखा ताठ झाला, आणि डावा हात कमरेशी गेला, मूठ वळली, वर ओढली गेली. पोटात कळ आल्यावर माणूस करतं तसं. व्हॅन व्हरांड्यासमोरून पुढे गेली आणि शटरपाशी रचलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर जाऊन टेकली.

बाई व्हॅनपाशी गेल्या. दार उघडलं. आत रिकामं. जळक्या केसांसारखा उग्र वास तेवढा होता. गियर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक हवालदारानं ओढला होता तसाच वर. बाईंनी तो धरून पाहिला, तर आणखी दोन खटके अलगद वर आला.

खाली वाकल्या तेव्हा त्यांना मागचं रबरी पायपुसणं सरकलेलं दिसलं. त्याखाली व्हॅनच्या पत्र्यात दोन लांब, समांतर पन्हळी होत्या. काहीतरी लांबट, जड, आत सरकवायला केलेल्या.

३

"शववाहिका होती ती," काका म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "दादानं रंगवून घेतली. बबडीला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं. वहिनीला माहीत होतं. त्या पन्हळींवरून स्ट्रेचर आत जायचं. आता तुम्हीच सांगा बाई, अशी गाडी कुणाला सोडेल का?"

"गाडी कुणाला धरत नाही आणि कुणाला सोडत नाही," बाई म्हणाल्या. पण मनातून त्याही हलल्या होत्या, खोटं कशाला बोला. "दुसरी किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"म्हणजे? मी माझ्या भावाला..." काकांचा चेहरा लालबुंद झाला. मग एकदम त्यांचे डोळेच भरले. "तीस वर्षं मी या उतारांवर टॅक्सी मारतोय. हँडब्रेक लावायला विसरली पोरगी, एवढंच झालं. एवढंच असू दे हो. दुसरं काही असेल तर मला ऐकायचं नाही."

बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी हाक मारत होतं. वरच्या खोलीत एक घड्याळजी भाड्यानं राहायचे. दाराच्या फटीतून त्यांचं नाक तेवढं दिसत होतं.

त्यांच्या खोलीत भिंत दिसत नव्हती, इतकी घड्याळं. दर एकात वेगळी वेळ. "वाजले किती?" असं बाईंनी उगाच विचारलं, तर घड्याळजी म्हणाले, "मला विचारू नका, मी फक्त दुरुस्त करतो." एरवी बाई यावर हसल्या असत्या.

"पोलिसांना नाही सांगितलं मी," घड्याळजी म्हणाले. "वेड्यात काढतील. तुम्ही ओरडता पण ऐकून घेता, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या दिवशी त्या गाडीत कुणीतरी होतं."

"पाहिलंत?"

"ऐकलं. दुपारभर खाली मशिनांची घरघर असते, तेव्हा मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मशिन थांबलं की मग कान उघडतात. त्या दिवशी थांबलं, आणि मला टिकटिक ऐकू आली. मला वाटलं माझंच एखादं घड्याळ बिघडलं. खिडकी उघडली तर आवाज खालून, गाडीतून. पत्र्यावर नख मारावं तशी, टिक, टिक, टिक. आधी भराभर. मग जरा सावकाश. मग आणखी सावकाश. घड्याळ असं चालत नाही, बाई. घड्याळ एक तर चालतं नाहीतर थांबतं. हे माणसाचं होतं. कुणीतरी आत बसून मोजत होतं, मोजता मोजता दमत होतं."

"मग?"

"मग थांबलं. आणि ते थांबल्यावर जराशानं ती निघाली." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आज, आत्ता, चहा पीत होतात ना तुम्ही? तेव्हाही तेच. मोजलं, थांबलं, निघाली."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो भुताचा नव्हता. नळ ठिबकत नव्हताच, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"घड्याळजी, त्या दिवशी वास आला का कसला? जळल्यासारखा?"

"आला की! केस जळल्यासारखा. तुम्हाला कसं कळलं?"

बाई उत्तर न देता जिना उतरल्या. सकाळी लावलेली गाडी, आणि असा गारठा. दुपारपर्यंत ती दगडासारखी थंड असायला हवी होती.

४

मिस्त्री आपल्या गॅरेजात उकिडवे बसले होते आणि कुणाशीच बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

"आता तुम्हीही या! हवालदार येऊन गेला. म्हणे हँडब्रेक ओढूनही गाडी चालते म्हणजे मिस्त्रीनं घोळ घातला. ठोकळ्यासाठी पोरगी जाणार आत आणि ब्रेकसाठी मी. बाई, देवाशपथ सांगतो, केबल नवी टाकलीय. ओढली की टेकडीवर हत्तीसारखी उभी राहते."

"मला पटतंय," बाई म्हणाल्या. "त्या गाडीला मागेही डिस्कचेच ब्रेक आहेत ना?"

"आहेत. हँडब्रेकही त्याच चकत्यांना धरतो." मिस्त्री जरा निवळले. "तुम्हाला एक दाखवतो. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला गाडी उघडायला लावली, हवालदारानं ती हलवायच्या आधी. तेव्हाच हे काढून दुसरे घातले." त्यांनी फडक्यातून दोन ब्रेक पॅड काढले. कडांचा रंग उडाला होता आणि तोंड काचेसारखं चकचकीत झालं होतं. "त्याच आठवड्यात नवे घातले होते मी! चकत्या निळ्या पडलेल्या. तुमची शिष्या अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरते वाटतं?"

"माझी शिष्या?" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "माझ्याकडून शिकलेलं माणूस उतार दुसऱ्या गियरमध्ये उतरतं, मिस्त्री. गाडीला गियरनं धरायचं, ब्रेक नुसता शिवायचा. पहिल्या दिवशी शिकवते मी. आणि बबडी रोज तोच रस्ता उतरते, तिचे पॅड याआधी कधी जळले?"

"कधीच नाही," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा हात थांबला. "मग काका?"

"तीस वर्षं टॅक्सी चालवणारा माणूस पॅड जाळेल? ते त्याला स्वतःच्या पैशानं घालावे लागतात."

"मग कोण?"

"जे भीत भीत चालवतं ते. ज्याला कुणी शिकवलं नाही आणि जे ब्रेकवरचा पाय उचलायलाच घाबरतं, ते."

ही दोन्ही वाक्यं बाईंनी नेहमीच्या तोऱ्यात म्हटली. पण म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांपुढे व्हरांडा आला. काकांनी पाय आपटला, कारण काका ड्रायव्हर. बबडीनं तोंड झाकलं, कारण मेलेला तिचा बाप. पाय तर शेजारी बसणारेही दाबतात, त्यात नवल नाही. पण कमरेशी गेलेला तो डावा हात, ती वळलेली मूठ, ते वर ओढणं! नवं शिकणारी माणसं घाबरली की काय करतात, हे बाईंनी जन्मभर शेजारच्या सीटवरून पाहिलं होतं. ती पोटातली कळ नव्हती.

बाई गॅरेजच्या स्टुलावर मटकन बसल्या. आपल्याला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी बबडीकडून व्हॅनची किल्ली मागून घेतली. एकट्याच वर वळणापर्यंत गेल्या आणि परत आल्या. येताना सबंध उतार त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून उतरला. कुणी ओळखीचं बघत नाही ना, याची त्यांना खरोखर धास्ती वाटत होती. मग गाडी नेहमीच्या जागी लावली, न्यूट्रल केली, आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. चाकापासून वीतभर पुढे त्यांनी आपल्या घरचा लाकडी ठोकळा ठेवला.

व्हरांड्यात आई आणि बबडी होत्या. काका फाटकाशी उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. बाई पायरीवर बसल्या.

टिक, टिक, टिक, टिक.

आईनं मान वर केली.

"ऐकू येतंय ना, वहिनी?" बाईंचा बसलेला घसा आज ओरडत नव्हता. "गाडी निवतेय. तापलेलं लोखंड थंड होताना असं वाजतं. आधी भराभर, मग सावकाश. कुणी मोजत नाही आत बसून. पण हा आवाज गरम गाडीचाच असतो. तो त्या दिवशी दुपारी घड्याळजींनी ऐकला. म्हणजे सकाळी बबडीनं गाडी लावल्यानंतर ती पुन्हा कुणीतरी बाहेर नेली होती."

टिक, टिक.

"नेणाऱ्यानं उतारभर ब्रेक दाबून धरला. पॅड जळाले, चकत्या लाल झाल्या असतील. परत आल्यावर त्या माणसानं हँडब्रेक ओढला. चांगला, ताकदीनं ओढला. पण तापलेली चकती फुगलेली असते. पकड घट्ट वाटते. मग ती निवते आणि केसभर आक्रसते. केसभरच, पण तेवढ्यानं पकड सुटते. काल चौकीवरून उतरताना हवालदारानंही हेच केलं. म्हणून मी घसा फोडून सांगते, उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर गाडी सोडू नका, गियर टाका. ते या घरात नियमानं बंद होतं. उरला ठोकळा."

"तो मी..." बबडी म्हणाली.

"तू लावला होतास. बापलेक तुम्ही ठोकळा पायानं उडवणारे, काकाही तसेच. तुमच्यापैकी कुणी काढला असता तर तो अंगणात लोळत पडला असता. तो खिळ्याला टांगलेला सापडला. या घरात खाली पडलेली वस्तू कुणाला बघवत नाही, वहिनी? काल माझ्या चपला कुणी सरळ लावल्या?"

टिक.

पुढची टिक यायला फार वेळ लागला. फाटकाशी काकांनी डोळे मिटून घेतले होते. त्या शांततेत आईचा श्वास ऐकू येत होता, आणि बाईंना स्वतःचाच राग येत होता.

टिक.

"बंद करा ते!" आई किंचाळली. "बंद करा हो ते, मी होते, मी नेली होती गाडी!"

बबडी तिच्याकडे बघतच राहिली. "तू? तुला कुठे येते?"

"येत नाही. शिकत होते." आई खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच. "ह्यांच्या छातीत कळ यायची. दोनदा तू गाडी काढून धावलीस म्हणून वाचले. उद्या तू लग्न होऊन गेलीस की? या टेकडीवर अँब्युलन्स कधी वेळेवर आलीय? म्हणून म्हटलं, आपल्याला यायला हवी. तुम्ही दोघं झोपलात की थोडी थोडी न्यायची. इतकी वर्षं शेजारी बसून बघत होते, हात कुठे जातो, पाय कुठे जातो."

"माझ्याकडे का नाही आलात?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या गाडीवर केवढी पाटी आहे, बाई. अख्ख्या टेकडीला दिसतं कोण शिकतंय. ह्यांना कळलं असतं तर हसले असते." तिनं पदरानं तोंड पुसलं, पण ते पुन्हा भिजलं. "त्या दिवशी धुक्यातून एक ट्रक अंगावर आला. मग ब्रेकवरचा पाय निघेचना माझा. कशीबशी आणली परत. एवढ्यात मशिन थांबलं आणि ह्यांची आतून हाक आली, अगं, कुठे आहेस? मी दोन्ही हातांनी ब्रेक ओढला आणि मागच्या दारानं पळाले. किल्ली खिळ्याला लावली. ठोकळा... ठोकळा राहिला. मी आत होते तेव्हा हे पुढच्या दारानं बाहेर गेले."

अंगणात खडा कुरकुरला. व्हॅन हलली, वीतभर पुढे आली आणि ठोकळ्यावर येऊन टेकली. कुणीच ओरडलं नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," बबडी म्हणाली. "मी रोज हात ओढून बघत होते. तू वाढायला यायचीस, मी तसाच हात करून बसलेली असायचे. तू बघत होतीस."

"बघत होते."

"आणि गप्प होतीस?"

"भावजी तुझ्यावर ओरडले, तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. मग दुसऱ्या दिवशी जास्त अवघड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून. मला वाटायचं ब्रेक तर मी ओढला होता, मग गाडीच वाईट असेल. पोलिसांना नाही गं भ्यायले मी. ज्याला वाचवायला शिकत होते त्यालाच मारलं, हे तुला कळलं तर तू मला आई म्हणणार नाहीस, असं वाटलं." तिनं बाईंकडे बघितलं. "बाई, मीच मारलं ना?"

हा प्रश्न बाईंना याच घरातून दुसऱ्यांदा विचारला जात होता.

"ब्रेक तुम्ही पूर्ण ओढला होता, वहिनी, आणि निवताना तो सुटतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ठोकळा राहिला, तो तुमच्या हातून राहिला. दोन्ही खरं आहे. यातलं एकच सांगितलं तर मी खोटं बोलले असं होईल."

आईनं मान डोलावली. जिन्यावर घड्याळजी कधीचे येऊन उभे होते, ते हळूच वर निघून गेले. बबडी उठली आणि अंगणात गेली. व्हॅनपाशी ती पाठमोरी उभी राहिली, इतका वेळ की बाईंना वाटलं, ही आता फाटकातून बाहेर जाईल आणि परत येणार नाही. काकांनाही तसंच वाटलं असावं, ते फाटकातून बाजूला झाले.

"बाबा हसले असते," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. "पोट धरून हसले असते. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शेजारी बसून शिकवलं असतं तुला. तू एकदा विचारायचंस तरी."

आई तेव्हा रडली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे काकांनी मागाहून बाईंना सांगितलं. ती मोठ्यानं, लहान मुलासारखी रडली, आणि बबडीनं तिला रडू दिलं. जवळ आली नाही, पण गेलीही नाही. रडणं सरल्यावर तिनं बाईंपुढे किल्लीसाठी हात पसरला.

"चौकीवर जायचंय ना सांगायला? सोमवारची वाट कशाला बघायची," ती म्हणाली. मग व्हरांड्याकडे वळून, "ऊठ, आई. चपला घाल. मी घेते गाडी."